मामाचं वजन नॉर्मल होतं, तरी

मागच्या लेखानंतर दोघा-तिघांनी विचारलं होतं, की तू स्नायू आणि साखर यावर पीएचडी करतोस, पण त्याचा आमच्या घरातल्या माणसाला काय उपयोग? आज उपयोगाचंच लिहितो. लेख जरा लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं घर नागापूरला. एमआयडीसीच्या भोंग्यावर आमच्या आईची कुकरची शिट्टी ठरते, इतकं जवळ. माझे मामा तिथेच एका शेडवर पत्रे बसवायचं काम करायचे. अकरा वर्षांपूर्वी पत्रा तुटला आणि ते खाली काँक्रीटवर पडले. छातीच्या वरच्या भागातला मणका मोडला, आतला मज्जारज्जू चेचला गेला. तेव्हापासून कमरेखालचं, खरं तर छातीखालचं, काही हलत नाही आणि कळतही नाही. हात मात्र शाबूत. (आपल्याकडे मज्जारज्जूच्या इजांमध्ये रस्ते अपघातांइतकंच उंचावरून पडणं हे मोठं कारण आहे. झाड, गच्ची, विजेचा खांब, शेडचं छप्पर. पाश्चात्त्य पुस्तकांत आधी गाड्या येतात, आपल्याकडे आधी पत्रे येतात.)

मामांची काळजी घरच्यांनी घेतली नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्री दोनदा कूस बदलणं, लघवीची नळी, सगळं मामी करते. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे दाखवायचं. दरवेळी तिथे एकच वाक्य ऐकायला मिळायचं, "वजन छान आटोक्यात आहे, शुगर नॉर्मल, काळजी करू नका." आम्हीही करत नव्हतो.

गेल्या वर्षी दिवाळीला घरी गेलो तेव्हा मामांच्या फायली चाळत बसलो. सवय आहे, काय करणार. वजन ६४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर. म्हणजे बीएमआय आला २२.७. भारतीयांसाठी २३ च्या खाली म्हणजे ठीक. पण मला एक जुना पेपर आठवला आणि पोटात गोळा आला. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसासाठी लठ्ठपणाची रेघ २२ वर ओढावी, असं २००९ साली संशोधकांनी सुचवलं होतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटाने हृदय आणि चयापचयाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही हाच २२ चा आकडा धरलाय. त्या हिशोबाने माझे "सडपातळ" मामा लठ्ठ होते.

हे असं का, ते समजून घेऊ.

पाय हलायचे थांबले की पायांचे स्नायू झपाट्याने आटतात. झपाट्याने म्हणजे किती? इजेनंतर अवघ्या सहा आठवड्यांनी मांडी-पोटरीच्या स्नायूंचा आडवा छेद धडधाकट माणसाच्या तुलनेत १८ ते ४६ टक्क्यांनी लहान झालेला आढळलाय. जी जागा रिकामी होते तिथे आणि उरलेल्या स्नायूच्या धाग्यांमध्ये चरबी शिरते. पोटाच्या आतही चरबी साठत जाते. काट्यावर मात्र काही दिसत नाही, कारण जड स्नायू गेला आणि हलकी चरबी आली. वजन तेच राहतं, शरीर बदलतं. म्हणून बीएमआय इथे फसवतो.

आता माझ्या विषयाकडे येतो. आपण जेवल्यावर रक्तात जी साखर येते तिचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. इन्सुलिन आलं की स्नायूच्या पेशीतली ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिनं आतून पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. गंमत अशी, की हेच काम इन्सुलिनशिवायही होतं, फक्त स्नायू आकुंचन पावला पाहिजे. चाललात, जिना चढलात, की दार उघडलं. मामांच्या बाबतीत गिऱ्हाईक अर्धं उरलंय आणि जे उरलंय ते आकुंचन पावत नाही. मग साखर जाणार कुठे? स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं, काही वर्षं निभावतं, आणि मग थकतं.

बाउमन आणि स्पंगेन या अमेरिकन संशोधकांनी १९९४ मध्ये हे नीट मोजलं होतं. मज्जारज्जूला इजा झालेले १०० माजी सैनिक घेतले, तुलनेला धडधाकट माजी सैनिक घेतले, आणि सगळ्यांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासलं. इजा झालेल्यांत २२ टक्के मधुमेही निघाले, दुसऱ्या गटात ६ टक्के. यातली कळीची गोष्ट "ग्लुकोज पाजून" ही आहे. उपाशीपोटीची साखर रात्रभर मुख्यतः यकृत सांभाळतं, स्नायूची कमतरता तिथे लगेच उघडी पडत नाही. ती उघडी पडते जेवणानंतर.

मामांच्या फाईलमध्ये अकरा वर्षांत एकदाही ग्लुकोज पाजून तपासणी नव्हती. मी आग्रह धरला. उपाशीपोटी ९७ आली, एकदम सभ्य. दोन तासांनी २०८. दोनशेच्या वर म्हणजे मधुमेह. खात्रीसाठी पुन्हा केली, तरी तेच. मामी म्हणाली, "अरे पण ते गोड खातच नाहीत!" खरंच खात नाहीत.

चरबीच्या रिपोर्टचीही अशीच कथा. एकूण कोलेस्टेरॉल १६३, त्याच्यापुढे प्रयोगशाळेने लाल खूण केलेली नाही. पण आत बघितलं तर एचडीएल, म्हणजे ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो, ते फक्त २९. मज्जारज्जूच्या इजेनंतर हा नमुना नेहमीचा आहे. एलडीएल फारसं वाढलेलं नसतं, एचडीएल मात्र खाली बसतं. त्यामुळे बेरीज कमी दिसते आणि लोक खूश होतात. म्हणून रिपोर्ट आला की एकूण आकड्यावर थांबू नका, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड वेगवेगळे वाचा.

याचा परिणाम शेवटी कुठे होतो? कॅनडातल्या साठ हजारांहून जास्त लोकांच्या आरोग्य पाहणीचं विश्लेषण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. वय आणि लिंग जमेस धरूनही मज्जारज्जूची इजा असलेल्यांमध्ये हृदयविकाराची शक्यता इतरांच्या जवळपास पावणेतीन पट आणि पक्षाघाताची साडेतीन पटींहून अधिक निघाली. एके काळी ही माणसं मूत्रपिंडाच्या संसर्गाने आणि पाठीच्या जखमांनी लवकर जायची. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल इथे विभाग सुरू केला, कूस बदलणं, मूत्राशयाची निगा, खेळ यांची शिस्त घातली, आणि आयुष्य वाढलं. आयुष्य वाढलं म्हणूनच आता हृदयाचा प्रश्न पुढे आलाय.

पण थांबा, हृदयाची गोष्ट फक्त साखर-चरबीची नाही. इथे जरा शरीररचना सांगतो, कंटाळू नका, कारण पुढचा प्रसंग यावरच आहे.

हृदयाला दोन प्रकारच्या नसा जातात. एक वेग कमी करणारी, व्हेगस. ती थेट मेंदूच्या बुडातून निघून मानेतून खाली येते, मज्जारज्जूतून जातच नाही. म्हणून मणका मोडला तरी ती सुरक्षित. दुसऱ्या, वेग वाढवणाऱ्या आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या सिम्पथेटिक नसा. त्या मज्जारज्जूच्या छातीच्या भागातून निघतात. हृदयासाठीच्या छातीच्या पहिल्या चार-पाच खंडांतून, आणि पोटातल्या आतड्यांच्या मोठ्या रक्तवाहिन्यांसाठीच्या साधारण सहाव्या खंडापासून खाली. इजा मानेत झाली तर मेंदूचा या सगळ्यावरचा ताबा सुटतो. ब्रेक आहे, ॲक्सिलरेटर नाही. अशा माणसाचा वरचा रक्तदाब नेहमीच ९० ते ११० च्या आसपास असतो, एकदम बसवलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि कितीही व्यायाम केला तरी नाडी साधारण ११० ते १३० च्या पुढे जात नाही.

याची उलटी बाजू जास्त धोकादायक आहे. सहाव्या खंडाच्या वर इजा असेल आणि खाली कुठेतरी त्रास झाला, समजा मूत्राशय तुंबलं, तर तो संदेश मज्जारज्जूत शिरतो, तिथल्या तिथे सिम्पथेटिक नसा पेटतात आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रक्तदाब उसळतो. मेंदूला वर कळतं, तो "सोडा, सोडा" असा आदेश पाठवतो, पण आदेश इजेच्या जागी अडतो. मेंदूच्या हातात उरतो फक्त व्हेगसचा ब्रेक, म्हणून नाडी मंद होते. डोकं फुटायची वेळ येते, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो आणि खाली अंगावर काटा येतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. नाव अवघड आहे, पण ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी ते पाठ करावं, इतकं महत्त्वाचं.

मामांची इजा चौथ्या खंडाला आहे. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्यांचं डोकं भयंकर दुखायला लागलं. जवळच्या दवाखान्यात नेलं. बीपी १५८ भरलं. तिथल्या डॉक्टरांनी आडवं झोपवलं, डोकेदुखीची गोळी दिली आणि "टेन्शन घेऊ नका" सांगितलं. मामांचं रोजचं बीपी १०४ असतं हे ना त्यांनी विचारलं, ना आम्ही सांगितलं. दोन तासांनी मामीच्या लक्षात आलं, की लघवीची नळी मांडीखाली दुमडली होती. सरळ केल्यावर पिशवी भरभर भरली आणि दहा मिनिटांत डोकं उतरलं. त्या दोन तासांत मेंदूत रक्तस्राव होऊ शकला असता. मी तेव्हा एमएस्सी झालेलो होतो आणि मलाही काही कळलं नव्हतं, हे इथे कबूल करतो.

तर हे लक्षात ठेवा. अशा माणसाचा रक्तदाब त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्याशी ताडून बघायचा. वरचा आकडा नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढला तर ती धोक्याची खूण, मग तो १४० च दिसत असला तरी. झोपवायचं नाही. ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, पट्टा, नाडी, मोजे सैल करायचे. मग नळी बघायची, कुठे दुमडली-तुंबली आहे का. नळी ठीक असेल तर शौच अडकलंय का, जखम, वाढलेलं नख, चड्डीची शिवण, काहीही असू शकतं. दर काही मिनिटांनी बीपी मोजत राहायचं, आणि लगेच उतरलं नाही तर थेट हॉस्पिटल. आम्ही मामांच्या खुर्चीच्या मागे एक लॅमिनेट केलेला कागद अडकवलाय, त्यावर त्यांचं नेहमीचं बीपी आणि हे सगळं मोठ्या अक्षरात आहे. डॉक्टरला कागद दाखवायला लाजू नका.

आणखी एक लपलेला धोका. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल तर हृदयविकाराचा झटका येऊनही छातीत दुखणार नाही, असं होऊ शकतं. दुखण्याचे संदेश त्याच वाटेने जातात. मग अचानक दम लागणं, मळमळ, कारण नसताना वाढलेला थकवा किंवा पायांतला वाढलेला ताठरपणा, एवढ्याच खुणा उरतात.

आता करायचं काय? आधी खाणं, कारण तिथे घराघरांत प्रेमाने गडबड होते. पडलेल्या माणसाला "ताकद येऊ दे" म्हणून शिरा, तूप, दोन घास जास्त. मीही वाढलंय मामांना. पण स्नायू आटल्यामुळे विश्रांतीच्या वेळी लागणारी ऊर्जा १४ ते २७ टक्क्यांनी कमी झालेली असते. ज्याला नुसतं पडून राहायला १५०० कॅलरी लागल्या असत्या, त्याला ११०० ते १३०० पुरतात. चालणं-फिरणं बंद झाल्याची घट वेगळीच. म्हणजे दिवसाला एक-दोन भाकरी सरळ जास्त होतात, आणि वर्षभराचा हिशोब पोटावर दिसतो. भूक मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही, ही खरी अडचण.

आमच्या नगरकडे एक बरं आहे, ज्वारी-बाजरी, हुलगा, मटकी घरात असतेच. मामीने भाकरी अर्धी केली आणि मटकीची उसळ दुप्पट केली. डाळी-कडधान्यांची प्रथिनं मिळतात आणि कोंड्याने पोट साफ राहतं, जे या माणसांत साखरेइतकंच महत्त्वाचं आहे (वर डिसरिफ्लेक्सियाचं कारण वाचलंत ना). एकदम खूप चोथा वाढवू नका मात्र, आतडी मंद असतात, पोट फुगतं. हळूहळू. चहातली साखर मामांनी स्वतः सोडली, त्यावर घरात अजून कुरबुर आहे.

मग व्यायाम. २०१८ मध्येच कॅनडाच्या कॅथलीन मार्टिन गिनिस आणि सहकाऱ्यांनी खास मज्जारज्जूच्या इजेसाठी व्यायामाचं प्रमाण ठरवलं. अंगात दम राहावा एवढंच हवं असेल तर आठवड्यातून दोनदा २० मिनिटं दमछाक करणारा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा. पण साखर आणि हृदयासाठी फायदा हवा असेल तर आठवड्यातून तीनदा, ३० मिनिटं. अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वं यापेक्षा जास्त मागतात, आठवड्याला १५० मिनिटं. माझं मत विचाराल तर तीन वेळा ३० पासून सुरू करा, जे होईल ते टिकवा. नाडी मोजत बसू नका, वर सांगितल्याप्रमाणे ती फसवते. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढी दमछाक पुरे.

हातांनीच व्यायाम करायचा म्हटल्यावर लोकांना वाटतं त्याने काय होणार. मुरलीकांत पेटकर आठवा. सांगली जिल्ह्यातले, सैन्यात बॉक्सर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली. उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. पुण्याच्या खडकीत अपंग सैनिकांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. एमआयडीसीच्या शेडवरून पडलेल्या माणसाच्या वाट्याला तशी शिस्तशीर व्यवस्था येत नाही, हे मला खटकतं.

मामांकडे तलाव नाही. त्यांच्याकडे हाताने पेडल मारायची जुनी तीनचाकी होती, माळ्यावर... म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यात पडलेली. चार वर्षांपूर्वी बॅटरीवाली आली आणि जुनी सुटली. बॅटरीवालीला नावं ठेवणार नाही, तिच्यामुळे ते मनमाड रोडवरून एकटे सावेडीपर्यंत जाऊन येतात, ते स्वातंत्र्य वेगळंच. पण रोजचा जो व्यायाम नकळत होत होता तो त्या दिवशी बंद झाला. आता जुनीला वंगण घातलंय. सोमवार, बुधवार, शनिवार, सकाळी साडेसहाला सीना नदीच्या पुलापर्यंत आणि परत. साडेसहाला, कारण इजेच्या खाली घाम येत नाही, शरीर थंड होऊ शकत नाही. एप्रिल-मेमध्ये दहा वाजता हा व्यायाम केला तर उष्माघात ठरलेला. जाताना मूत्राशयाची पिशवी रिकामी, मानेवर ओला पंचा, बरोबर पाणी.

खांद्यांना मात्र जपा. ते आता पायांचंही काम करतात. पुढे ढकलायच्या व्यायामाइतकाच मागे ओढायचा व्यायाम करा. आम्ही खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधलाय, मामा तो रोज स्वतःकडे ओढतात. खांदा दुखला तर थांबायचं. आणि विजेच्या झटक्यांनी पायाचे स्नायू आकुंचन पाववून सायकल चालवायची यंत्रंही असतात. माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात तर्कसंगत, कारण त्यात मोठं गिऱ्हाईकच परत उघडतं. पण ती महाग आहेत आणि मोजक्या ठिकाणी मिळतात.

औषधांचं डॉक्टर ठरवतील, मी तो डॉक्टर नाही. फक्त एक प्रश्न जरूर विचारा. मधुमेहाचं मेटफॉर्मिन सुरू करण्याआधी मूत्रपिंड बघतात आणि त्यासाठी क्रिएटिनिन तपासतात. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायूच कमी तर क्रिएटिनिन कमी, आणि मूत्रपिंड कागदावर आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. सिस्टॅटिन-सी नावाच्या तपासणीवर स्नायूंचा असा परिणाम होत नाही. आम्ही ती पुण्याला पाठवून करून घेतली.

शेवटी वजनाचं. बसलेल्या माणसाला उभं कसं करणार, म्हणून वर्षानुवर्षं अंदाजे आकडा लिहिला जातो. आम्ही मामांना मार्केट यार्डातल्या ओळखीच्या आडत्याकडे नेतो. ज्वारीची पोती मोजायच्या जमिनीलगतच्या काट्यावर खुर्चीसकट चढवायचं, मग खाटेवर घेऊन रिकामी खुर्ची मोजायची. पोटाचा घेर आडवं झोपवून, शिंपीटेपने. गेल्या शनिवारी वजन ६१.२ भरलं. बीएमआय २१.७, आणि ग्लुकोजनंतरची साखर १६४. आडत्याने वजनाची चिठ्ठी फाडून दिली, त्यावर मालाच्या रकान्यात त्याने "मामा" लिहिलं होतं. ती फाईलला लावलीय.